हरिहरच्या पायऱ्या आणि कॉलेज रोडवरची कॉफी

पत्राचा सारांश: नाशिकच्या इंदिरानगरमधून लिहिणाऱ्या या वाचक २८ वर्षांच्या असून अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतात. रात्री जेवणे आटोपल्यावर धाकट्या बहिणीबरोबर जोडीदार निवडण्याचे रिअ‍ॅलिटी शो पाहण्याची त्यांना दोन-तीन वर्षांपासून सवय आहे. गेल्या अडीच महिन्यांत सिन्नरच्या एका मुलाला त्या चार वेळा भेटल्या. एकदा घरी कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात आणि नंतर तीनदा कॉलेज रोडवरच्या एकाच कॅफेत. मुलगा समजूतदार आहे, गप्पा जमतात, घरच्यांना स्थळ पसंत आहे, "पण काही क्लिक झालं नाही". त्यातच श्रावणात ऑफिसच्या ग्रुपबरोबर हरिहर किल्ल्यावर गेल्या असताना उतरणीला त्यांचे पाय लटपटले. देखभाल विभागातील एका सहकाऱ्याने हात धरून त्यांना खाली आणले आणि तेव्हापासून तोच डोळ्यांसमोर येतो. त्याने स्वतः काही सुचवलेले नाही. मैत्रिणी मात्र चिडवतात. वडिलांना तुळशीच्या लग्नाआधी होकार किंवा नकार हवा आहे. त्या विचारतात: "शोमधल्या मुलामुलींना चार दिवसांत कळतं, मग मला अडीच महिन्यांत का कळत नाही? की ते सगळं खोटं असतं? आणि खोटं नसेल, तर जिथे स्पार्कच नाही तिथे होकार देणं ही स्वतःची फसवणूक नाही का?"

सप्रेम नमस्कार,

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधला सर्वांत सोपा आहे, म्हणून तिथून सुरुवात करते. शोमधले सगळे खोटे असते, असे मला वाटत नाही. मीही हे कार्यक्रम पाहते. भाचीने पहिल्यांदा बसवले तेव्हा नाक मुरडले होते आणि तिसऱ्या भागापर्यंत मीच तिला "थांब, पाणी घेऊन येते, पुढे नेऊ नकोस" असे सांगू लागले होते. तेव्हा शहाणपणाचा आव आणण्याचा मला अधिकार नाही. भाग घेणाऱ्यांपैकी काही जण प्रसिद्धीसाठी येतात हे उघड आहे, परंतु रडणारी मुलगी पुष्कळदा खरोखरच रडत असते. भावना खरी असते. ती जिथे उगवते ती जागा मात्र खर्च करून त्याच पिकासाठी तयार केलेली असते. आपल्या भागातल्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांच्या तारखांवरून वेलीला घड केव्हा धरायचा हे तो ठरवतो, आणि म्हणून त्याची द्राक्षे खोटी आहेत असे कोणी म्हणत नाही. ती तशीच्या तशी रानात आपोआप आली असती, असेही कोणी म्हणत नाही.

ही जागा कशी तयार करतात, ते थोडे सविस्तर पाहू, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. ब्रिटनमधील 'लव्ह आयलंड' हा कार्यक्रम २०१५ पासून नव्या रूपात सुरू झाला. त्यात स्पेनच्या मायोर्का बेटावरील एका बंगल्यात तरुण-तरुणींना कित्येक आठवडे ठेवतात आणि बाहेरच्या जगाशी त्यांचा संपर्क तोडतात. नोकरी नाही, बँकेचा हप्ता नाही, आजारी आजी नाही, दळण आणायचे नाही. समोर दिसणारी दहा-बारा माणसे हेच जग. अशा ठिकाणी एकाच चेहऱ्याची सवय किती वेगाने होते, याची कल्पना अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी केलेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका साध्या प्रयोगावरून येते. दिसायला साधारण सारख्या अशा चार तरुणींपैकी एक वर्गात एकदाही आली नाही, दुसरी ५ वेळा, तिसरी १० वेळा आणि चौथी १५ वेळा येऊन बसली. कोणी कोणाशी बोलले नाही. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले, तेव्हा जी जास्त वेळा येऊन गेली होती ती त्यांना अधिक आकर्षक वाटली, आणि तिला आपण वर्गात पाहिले आहे हे बहुतेकांच्या ध्यानातही नव्हते. नुसत्या दिसण्याने एवढे होत असेल, तर एका छताखाली उठता-बसता काय होईल? अर्थात सहवासाने चीडही तितक्याच वेगाने वाढते. हे सांगायला प्रयोगाची गरज नाही. एका खोलीत भाड्याने राहिलेल्या कोणत्याही दोन मुलींना विचारावे.

'लव्ह इज ब्लाइंड' या २०२० मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी कार्यक्रमाची युक्ती वेगळी आहे. तिथे मुलगा आणि मुलगी भिंतीच्या दोन बाजूंच्या खोल्यांत बसून एकमेकांना न पाहता सुमारे दहा दिवस बोलतात. बोलण्याचा विषय बहुधा आईवडिलांचा घटस्फोट, जुने अपयश, मनातली भीती असा असतो. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की, दोन अनोळखी माणसांनी हलक्या प्रश्नांपासून हळूहळू खोल प्रश्नांपर्यंत जाणारे ३६ प्रश्न एकमेकांना विचारले, तर पाऊण तासात त्यांना नुसत्या वरवरच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त जवळीक वाटू लागते. भिंतीपलीकडच्या खोलीत हेच रोज कित्येक तास चालते. त्यात भर म्हणजे प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर एकटे बसवून "आज त्याच्याबद्दल काय वाटलं?" असे वारंवार विचारले जाते. माणूस आपले मन जाणून मग बोलतो, असे आपण समजतो. परंतु अनेकदा आपण काय बोललो हे ऐकून आपल्या मनात काय आहे ते ठरवतो. मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी या उलट्या वाटेविषयी विस्ताराने लिहिले आहे. तुमच्या मैत्रिणींनी हरिहरच्या फोटोखाली टाकलेल्या दहा बदामांकडे आणि नंतरच्या चिडवाचिडवीकडे या दृष्टीने एकदा पाहावे, अशी माझी विनंती आहे. तो ग्रुप तुमचा कॅमेऱ्यासमोरचा कोपरा झाला आहे.

आता उंचीबद्दल. अमेरिकेत २००२ मध्ये सुरू झालेल्या 'द बॅचलर'पासून आजपर्यंत अशा कार्यक्रमांत जोडीला हेलिकॉप्टरमध्ये बसवणे, दोरी बांधून कड्यावरून उडी मारायला लावणे, असे प्रकार पुन्हा पुन्हा येतात. त्याचे कारण केवळ नेत्रसुख नाही. १९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी कॅनडातील व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. पूल सुमारे १३७ मीटर लांब, दरीपासून जवळपास ७० मीटर उंच, आणि पावलागणिक हलणारा. तो ओलांडणाऱ्या पुरुषांना एक तरुणी गाठून काही प्रश्न विचारत असे आणि निरोप घेताना कागदाच्या तुकड्यावर आपला फोन नंबर देत असे. नंबर घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर तिला फोन केला. जवळच्याच कमी उंचीच्या भक्कम पुलावर नंबर घेणाऱ्या १६ जणांपैकी फक्त २ जणांनी. छातीतली धडधड दरीमुळे होती, तिचे श्रेय मनाने समोरच्या माणसाला देऊन टाकले, असा याचा अर्थ लावला जातो. आणखी एक तपशील मला फार बोलका वाटतो. दुसऱ्या फेरीत काही पुरुषांना पूल ओलांडून निदान दहा मिनिटे झाल्यानंतर, म्हणजे श्वास ताळ्यावर आल्यावर, ती तरुणी भेटली. त्यांच्यातले फोन करणारेही पुष्कळ कमी निघाले.

हरिहरच्या त्या खड्या, कातळात कोरलेल्या पायऱ्या मी चढले आहे. उतरताना तोंड कातळाकडे करून, बोटे बाजूच्या खोबणीत घालून, एकेक पाऊल चाचपत खाली सोडावे लागते आणि पावसाळ्यात वरून येणाऱ्यांच्या बुटांचा चिखल कपाळावर पडतो. तिथे ज्याने हात धरला तो माणूस विसरला जाणार नाही, हे अगदी स्वाभाविक आहे. परंतु तुम्हीच लिहिले आहे की तो सहकारी दोन वर्षे त्याच कॅन्टीनमध्ये तुमच्या नजरेसमोर होता आणि त्या काळात त्याच्याविषयी तुम्हाला विशेष काही वाटले नव्हते. मग त्या दिवशी नवीन काय होते? माणूस जुनाच होता. पायऱ्या नव्या होत्या.

यावरून तुमची ओढ खोटी ठरवण्याची मात्र घाई करू नका. ग्रेगरी व्हाइट आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये काही तरुणांना जागच्या जागी पळायला लावून, दम लागलेला असताना एका तरुणीची चित्रफीत दाखवली. एकच तरुणी एकदा नीटनेटकी आणि एकदा मुद्दाम गबाळी दाखवली होती. दम लागलेल्यांना नीटनेटकी अधिक आवडली आणि गबाळी अधिक नावडली. म्हणजे धडधड शून्यातून आवड निर्माण करत नाही, असलेल्याच कलाला आवाज चढवून देते. तेव्हा त्या सहकाऱ्याविषयी तुमच्या मनात थोडेसे काहीतरी असेलही. ते किती आहे, हे हरिहरवर मोजता येणार नाही. दुपारी पावणेदोनला, जेवणाच्या डब्यासमोर, मशीन बंद पडल्याची तक्रार चालू असताना मोजावे लागेल.

आणि आता कांदेपोहे. मला असे वाटते की तुम्ही शो एकाच ठिकाणी पाहत आहात, प्रत्यक्षात ते दोन आहेत. आपला बघण्याचा कार्यक्रमही पुरता आखीव असतो. बायोडेटा म्हणजे संकलन, शेजारच्या खोलीत प्रेक्षक, ठरलेले प्रश्न, ठरलेली वेळ, आणि मध्यस्थ काकूंचे "त्यांच्याकडे अजून दोन ठिकाणांहून विचारणा आहे" हे वाक्य, जे ऐकून बऱ्या वाटणाऱ्या स्थळाचा भाव एकदम वाढतो. फरक इतकाच की शोची मांडणी ओढ वाढवण्यासाठी केलेली असते आणि आपली मांडणी धोका टाळण्यासाठी. पगार, पत्रिका, शेती, फ्लॅट, हे तपासायला ती उत्तम आहे. पोटात फुलपाखरे उडावीत म्हणून ती कोणी रचलेलीच नाही. तुम्ही त्या मुलाला चार वेळा भेटलात, पण घरची पहिली भेट सोडली तर एकाच प्रकारे: समोरासमोर, मध्ये टेबल, दोन कॉफी, एक तास. नोकरीची मुलाखत द्यायला बसावे तशी ही बैठक आहे. म्हणून "सहकाऱ्याबद्दल वाटतं आणि याच्याबद्दल वाटत नाही" ही तुमची तुलना माणसांची नसून कड्याची आणि कॅफेची आहे, आणि त्यात कॅफे हरणारच.

तुमच्या पहिल्या प्रश्नात 'कळणे' हा शब्द आहे, त्यावर थोडे थांबू. शोमधल्यांना चार दिवसांत कळत नाही. त्यांना चार दिवसांत ठरवावे लागते, नाहीतर घरी जावे लागते. ठरवल्यानंतर मन त्या निर्णयाच्या बाजूने पुरावे गोळा करते, तेच आपल्याला 'कळले' असे पडद्यावर दिसते. पुढे काय होते, याची नोंद जाहीर आहे. 'लव्ह इज ब्लाइंड'च्या पहिल्या पर्वात पाच जोड्या लग्नाच्या मांडवापर्यंत गेल्या आणि त्यांतल्या दोनच जोड्यांनी तिथे लग्न केले. ही दोन्ही लग्ने मात्र टिकली, हेही सांगायला हवे. आपल्याकडे २००९ मध्ये राखी सावंत यांच्या टीव्हीवरील स्वयंवराचा शेवट साखरपुड्याने झाला आणि काही महिन्यांत ते नाते संपले. त्यामुळे शो म्हणजे निव्वळ फसवणूक किंवा शो म्हणजे खऱ्या प्रेमाची शाळा, यांपैकी काहीच सिद्ध होत नाही.

कोणाचे कोणाशी जुळेल हे आधी सांगणे तज्ज्ञांनाही जमलेले नाही. समँथा जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी २०१७ मध्ये, काही मिनिटांच्या ओळख-भेटींना येणाऱ्या तरुणांकडून शंभराहून अधिक गोष्टींची माहिती आधी भरून घेतली आणि संगणकाला अंदाज बांधायला लावले. एखादी व्यक्ती सर्वसाधारणपणे किती जणांना आवडेल, किंवा तिला स्वतःला किती जण आवडतील, हे त्याला काही प्रमाणात सांगता आले. अमुक मुलगी आणि तमुक मुलगा यांच्यातच विशेष काही जुळेल का, हे सांगता आले नाही. गुणमिलनाचे ३६ गुण मोजणाऱ्या आपल्या घरांत हे ऐकून कोणाला आनंद होईल आणि कोणाला राग येईल. तो वाद इथे नको.

तुमचा तिसरा प्रश्न खरा कठीण आहे, आणि इथे मी वडीलधाऱ्यांच्या पक्षात उभी राहणार नाही. "प्रेम लग्नानंतर येतं" हे वाक्य तुमच्या आईने लिहून दिल्यासारखे तुमच्या पत्रात तीनदा आले आहे. या मताला आधार म्हणून जयपूरमधील ५० जोडप्यांचा उषा गुप्ता आणि पुष्पा सिंह यांचा १९८२ चा अभ्यास पुष्कळदा पुढे केला जातो. त्यात प्रेमविवाहातील प्रेमाचे मोजमाप वर्षांगणिक उतरत गेले आणि ठरवून केलेल्या विवाहांत चढत गेले. परंतु ५० जोडपी म्हणजे एका मंगल कार्यालयातली एक पंगतही नव्हे, आणि अमेरिकेतील भारतीय वंशाच्या विवाहितांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही प्रकारांत असा फरक आढळला नाही. म्हणून "होकार द्या, येईल आपोआप" असे मी म्हणणार नाही. कधी येते, कधी येत नाही, आणि न आल्याची किंमत बहुधा मुलीनेच मोजलेली मी पाहिली आहे.

मला एक भेद महत्त्वाचा वाटतो. ओढ नसणे वेगळे आणि नकोसे वाटणे वेगळे. त्या मुलाचा हात चुकून हाताला लागला तर तुम्ही आक्रसता का? त्याचा फोन आला की "आता काय बोलायचं" असा कंटाळा दाटतो का? तसे असेल तर पाचव्या भेटीची गरज नाही. स्वच्छ नकार द्या, आणि "चांगला मुलगा आहे" या ओझ्याखाली दबू नका, कारण चांगुलपणा हे लग्नाला पुरेसे कारण नाही. तसे नसेल, मनाची पाटी कोरी असेल, तर तो निकाल धरू नका, कारण परीक्षा अजून नीट झालेलीच नाही. तुम्ही लिहिले आहे की तिसऱ्या भेटीत बाहेर पाऊस लागला आणि त्याने न सांगता तुमच्या गाडीच्या सीटवर आपल्या हेल्मेटची पिशवी घालून ठेवली. तुम्ही हे का लिहिलेत, यावरून मी काही अनुमान काढणार नाही. सल्ला देणारे असल्या बारकाव्यांवरून फार लवकर शहनाई वाजवतात. पण असे बारकावे कॅफेच्या आत दिसले नाहीत, बाहेर पार्किंगमध्ये दिसले, एवढे तुमच्या नजरेस आणून देते.

म्हणून जागा बदला. समोरासमोर बसण्याऐवजी बाजूबाजूने काहीतरी करा. पांडवलेणीच्या पायऱ्या चढून जा. हरिहरची दरी तिथे नाही, पण थोडा दम लागतो आणि बोलताना एकमेकांकडे सतत पाहावे लागत नाही. रविवारी मिसळीच्या ठिकाणी पाऊण तास नंबर लागण्याची वाट पाहावी लागते. उपाशी माणूस वेटरशी कसा वागतो हे तिथे फुकट समजते. एखादे खरे काम बरोबर करा, घरच्या कार्यासाठी रविवार कारंजावर काही खरेदी असेल तर त्याला सोबत बोलवा. आणि प्रश्न बदला. "पाच वर्षांनी कुठे असाल" याऐवजी त्याला सर्वांत शेवटचे रडू कशावरून आले, कोणत्या गोष्टीची लाज वाटते, बहिणीशी भांडण कशावरून होते, असे विचारा. आणि स्वतःचे उत्तर आधी द्या, कारण हे प्रश्न एकतर्फी विचारले की पोलिसी वाटतात. असेच पत्र मला मुलांकडूनही येते, आणि त्यांनाही मी हेच सांगते: तीन वेगळ्या प्रकारच्या भेटी झाल्याशिवाय "क्लिक झालं नाही" हे वाक्य वापरू नये.

सहकाऱ्याबाबत उलट करावे लागेल. तिथे उत्कटता भरपूर आहे आणि माहिती कमी. त्याला काही वाटते का, त्याचे कुठे ठरलेले आहे का, हेही तुम्हाला ठाऊक नाही. महिनाभर त्याला कंटाळवाण्या वेळी पाहा, ट्रेकचा फोटो उघडू नका, मैत्रिणींना या विषयावर गप्प राहायला सांगा. एवढे करूनही ओढ तशीच राहिली, तर ती हरिहरची नव्हती असे समजायला हरकत नाही. मग त्याच्याशी सरळ बोला, आणि बोलण्याआधी सिन्नरच्या मुलाला थांबवा. दोघांनाही अंधारात ठेवून तुलना करत बसणे हे शोमध्ये शोभते, तिथे सर्वांनी तसा करार केलेला असतो. मनात येऊन गेलेला विचार त्या मुलाला सांगण्याचे बंधन मात्र तुमच्यावर नाही.

राहिली वडिलांची मुदत. शोमध्ये अंतिम भागाची तारीख असते म्हणून निर्णय लागतो; तुमच्याकडे तुळशीचे लग्न आहे. हॉल मिळत नाहीत, केटरर आगाऊ पैसे मागतो, या अडचणी खऱ्या आहेत आणि वडिलांची घालमेलही खरी आहे. पण हॉलची तारीख चुकली तर पुढची मिळते. त्यांना "अजून विचार करते" असे मोघम सांगू नका, त्याने त्यांची झोप उडेल. "आणखी तीन वेळा भेटणार आहे, मार्गशीर्ष संपायच्या आत उत्तर देईन, आणि तोपर्यंत मध्यस्थ काकूंना फोन करू नका" असे मोजके सांगा. मुलाच्या घरी दुसरीकडे बोलणी चालू असतील तर ती त्यांनी खुशाल करावीत, असेही स्वतःहून कळवा. त्याला निरोप तुम्हीच पाठवा, वडिलांमार्फत नको: "मला निर्णयाला वेळ हवा आहे आणि कॅफेचा कंटाळा आलाय. रविवारी सकाळी पांडवलेणीला येता का? येताना बूट घाला."